बोटीला परवाना आहे. पाण्यात उतरलेल्यांवर लक्ष कोणाचे?

पावसाळ्यातील बंदी उठून पर्यटन हंगाम सुरू झाला की मांडवीच्या मुखाशी सकाळी आठच्या सुमारास वर्दळ वाढते. नेरूलचा कोको बीच, सिकेरी, बेती अशा ठिकाणांहून पर्यटकांना घेऊन बोटी निघतात आणि मुरगावच्या टोकापलीकडील ग्रँड आयलंडच्या दिशेने जातात. वाटेत डॉल्फिन दिसले तर थांबतात. बेटाच्या आडोशाला नांगर टाकला की तासभर पोहणे व स्नॉर्केलिंग, मग जेवण आणि दुपारचे वारे चढण्याच्या आत परतीचा प्रवास. अशा सहलीचा दर माणशी हजार-दीड हजारापासून सुरू होतो. अलीकडे त्यात एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. ‘आठ-दहा जणांचाच गट, गर्दी नाही, निवांत पोहणे’ अशी जाहिरात करून थोड्या अधिक दराने छोट्या बोटींच्या सहली विकल्या जातात.

मोठ्या बोटीपेक्षा ही सहल अधिक सुरक्षित, असे गिऱ्हाइकाला सहज वाटते. माणसे कमी म्हणजे लक्ष अधिक, हा त्यामागचा साधा हिशेब. तो काही अंशी खरा आहे. मात्र माणसांबरोबर बोटीवरील कर्मचारीही कमी होतात, हे त्यात धरलेले नसते. वीस-पंचवीस जणांच्या बोटीवर तांडेल, दोन खलाशी आणि एखादा प्रशिक्षक असतो. आठ जणांच्या बोटीवर बहुधा तांडेल आणि एक मदतनीस. पर्यटक पाण्यात असताना तांडेल इंजिन व नांगर सांभाळतो, मदतनीस कोणाला मुखवटा बांधून देतो, कोणाचे छायाचित्र काढतो, नाहीतर जेवणाची तयारी करतो. समुद्रावर नजर ठेवणे हेच ज्याचे काम, असा माणूस त्या बोटीवर नसतो.

गेल्या काही वर्षांतील दुर्घटनांनी जी चर्चा झाली, ती जवळजवळ पूर्णपणे बोटीभोवती फिरली. २४ मे २०२२ रोजी मालवणजवळ तारकर्ली येथे स्कुबा डायव्हिंगहून परतणारी बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात नौदलाची स्पीडबोट ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि पंधरा जणांचे प्राण गेले. त्यानंतर आठवडाभरात, नाताळच्या दिवशी, कळंगुट येथे पर्यटकांची बोट उलटली. एकाचा मृत्यू झाला आणि वीस जणांना वाचविण्यात यश आले. प्रत्येक वेळी प्रश्न तेच होते. बोटीची क्षमता किती, त्यात माणसे किती, लाइफ जॅकेट होती का, परवाना वैध होता का. हे प्रश्न आवश्यकच आहेत. पण ते बोटीत बसलेल्या माणसाविषयी आहेत. पोहण्याच्या सहलीत तर माणूस स्वतःहून बोट सोडून पाण्यात उतरतो, अनेकदा पोहताना अडचण होते म्हणून जॅकेट काढून ठेवतो आणि त्या तासाभरापुरता परवान्यातील बहुतेक अटींच्या बाहेर जातो.

कळंगुटच्या दुर्घटनेत वीस जण वाचले याचे कारणही समजून घ्यावे लागेल. बोट किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर उलटली आणि किनाऱ्यावर जीवरक्षक उभे होते. २००८ पासून गोव्याच्या किनाऱ्यांवर ‘दृष्टी’ या संस्थेचे जीवरक्षक काम करीत आहेत आणि त्यांच्यामुळे वाचलेल्यांची संख्या मोठी आहे. त्यांची व्यवस्था मुख्यतः समुद्रकिनारे आणि दूधसागर, मये तलावासारख्या ठिकाणांसाठी आहे. ग्रँड आयलंडच्या आडोशाला नांगरलेल्या बोटीभोवती मनोरा नसतो, लाल-पिवळा झेंडा नसतो, शिट्टी वाजविणारा कोणी नसतो. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे, परंतु बुडणाऱ्या माणसाकडे असलेला अवधी मिनिटांचा असतो. तेथे उपयोगी पडतो तो बोटीवर हजर असलेला माणूसच.

बुडण्याविषयीचा एक समज येथे घातक ठरतो. बुडणारा हात वर करून ओरडेल, असे सर्वांना वाटते. प्रत्यक्षात श्वासासाठी धडपडणाऱ्याला ओरडता येत नाही. तो फार तर अर्धा-एक मिनिट पृष्ठभागावर उभा असल्यासारखा दिसतो आणि मग दिसेनासा होतो. स्नॉर्केलिंगमध्ये तर तोंड पाण्यात घालून निश्चल तरंगणे हीच नेहमीची स्थिती. मजेत मासे पाहणारा आणि शुद्ध हरपलेला, हे दोघे बोटीवरून सारखेच दिसतात. त्यांच्यातील फरक ओळखण्यासाठी कोणीतरी सतत पाहत राहावे लागते. त्यात मांडवी आणि जुवारीचा गाळ समुद्रात येत असल्याने गोव्याचे पाणी लक्षद्वीपसारखे नितळ नसते. हिवाळ्यातील चांगल्या दिवशीही काही मीटरांपलीकडचे दिसत नाही. खाली गेलेला माणूस वरून शोधणे येथे फारच कठीण असते.

शिवाय बिअर असते. बेटाच्या सहलींच्या अनेक जाहिरातींत जेवणाबरोबर बिअर समाविष्ट असल्याचे ठळकपणे सांगितलेले असते. काही ठिकाणी ती ‘अमर्याद’ असते. पोहणे आधी आणि पिणे नंतर, असा क्रम निदान कागदावर असावा ही अपेक्षाही पूर्ण होत नाही. एकच माणूस पाण्यावर लक्ष ठेवणार आणि बाटल्याही उघडून देणार, या रचनेला पर्यटन म्हणावे की नशिबाची परीक्षा, हे संबंधित खात्यांनीच ठरवावे.

खाती दोन आहेत. बंदर कप्तान खाते नौकेची नोंदणी व तपासणी करते, तिची प्रवासी क्षमता ठरवते, चालकाची पात्रता पाहते. पर्यटन खाते व्यवसायाची नोंदणी करते. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात पर्यटनस्थळांच्या संरक्षणाविषयीच्या कायद्यात दुरुस्ती करून उपद्रवासाठीचा दंड एक लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आला. अनधिकृत ठिकाणाहून जलक्रीडा चालविणे आणि पर्यटकांच्या मागे लागून विक्री करणे हेही त्या उपद्रवांत मोडते. ही दुरुस्ती योग्यच होती. मात्र तिचा रोख किनाऱ्यावरील गैरप्रकारांवर आहे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या पुढाकाराने २०१८ मध्ये साहसी पर्यटनासाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली, त्यांत स्नॉर्केलिंगचाही समावेश आहे. ती सल्लावजा आहेत. जलक्रीडेचे प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था तर गोव्यातच आहे. म्हणजे ज्ञान आहे, कायदा आहे, खाती आहेत. फक्त पोहणाऱ्यांवर नजर ठेवण्याचे काम त्यांतील कोणत्याही टेबलावर नीट येऊन पडलेले नाही.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याचा अनुभव येथे उपयोगी आहे, कारण तेथील केर्न्स व पोर्ट डग्लस या शहरांचा पर्यटन व्यवसाय नेमक्या अशाच सहलींवर उभा आहे. सकाळी बोटीने ग्रेट बॅरियर रीफकडे जायचे, पोहायचे, दुपारी परत यायचे. २५ जानेवारी १९९८ रोजी तेथे एक अमेरिकी दाम्पत्य पाण्यात असतानाच बोट परत निघून गेली. दोघे मागे राहिल्याचे दोन दिवसांनी, त्यांचे सामान बोटीवर सापडल्यावर लक्षात आले. ते पुन्हा कधीच सापडले नाहीत. बोटीच्या चालकावर मनुष्यवधाचा खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. राज्याने त्यातून घेतलेला बोध मात्र न्यायालयाच्या निकालावर अवलंबून नव्हता. निघण्यापूर्वीची मोजणी सक्तीची झाली. ती दोन वेगवेगळ्या कर्मचाऱ्यांनी करायची आणि नोंदवहीत लिहायची. पाण्यात माणसे असताना पाण्याबाहेर उभा राहून केवळ पाहणारा निरीक्षक असलाच पाहिजे, असे ठरले.

पुढे २०१६ च्या नोव्हेंबरात केर्न्सजवळच्या एकाच सहलीत दोन वयस्क फ्रेंच पर्यटक स्नॉर्केलिंग करताना दगावले. त्यानंतर नियम आणखी कडक झाले. हृदयविकार, दमा यांसारख्या आजारांची विचारणा, वयस्क व जोखीम असलेल्या पर्यटकांना तरंगण्याचे साधन आणि दुरून ओळखू येईल अशी खूण, बोटीवर हृदयाला विद्युत झटका देणारे यंत्र. या नियमांमुळे तेथील मृत्यू थांबले असे नाही. साठी ओलांडलेला, वर्षानुवर्षे न पोहलेला माणूस सुट्टीत अचानक पाण्यात उतरतो, तेव्हा त्याच्या हृदयावर येणारा ताण नियमाने जात नाही. पण काय घडले, कोणी पाहिले, किती वेळात बाहेर काढले, याची उत्तरे तेथे नोंदवहीत सापडतात.

गोव्यात असे काही सुचविले की पहिली हरकत खर्चाची येते, आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. बोट बेटापर्यंत जाऊन येण्याचे इंधन आठ माणसांना आणि पंचवीस माणसांना जवळजवळ सारखेच लागते. हंगाम अपुरा. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत समुद्र बंद, मे महिन्यात हवामानाचा भरवसा नाही. तिकिटाच्या रकमेतून दलालाचा वाटा आधी जातो. हॉटेलचा काउंटर, टॅक्सी, किनाऱ्यावरचा विक्रेता आणि आता संकेतस्थळ, प्रत्येकाचे हात त्यात असतात. उरलेल्या पैशांत इंधन, खलाशांची मजुरी, जेवण आणि बोटीचा हप्ता भागवायचा. अशा हिशेबात आणखी एका माणसाची मजुरी म्हणजे त्या फेरीचा नफा. अनेक बोटमालक मूळचे मासेमारी करणारे आहेत. समुद्र, वारा, भरती-ओहोटी यांची त्यांची जाण कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा खोल आहे. पोहता न येणाऱ्या दिल्ली-हैदराबादच्या माणसाची हालचाल वाचणे हे मात्र वेगळे कसब आहे आणि ते शिकावे लागते.

म्हणूनच दलालीचा प्रश्न आणि सुरक्षिततेचा प्रश्न वेगळे काढता येत नाहीत. जलक्रीडांची तिकिटे एकाच ऑनलाइन व्यवस्थेतून द्यावीत, असे प्रयत्न सरकारने केले तेव्हा व्यावसायिकांतून विरोध झाला. आपल्या गिऱ्हाइकावरचा ताबा जाईल, रांगेत आपला क्रमांक कधी लागेल, पैसे वेळेवर मिळतील का, या त्यांच्या शंका होत्या आणि त्यांना पटेल असे उत्तर मिळाल्याशिवाय त्या जाणार नाहीत. परंतु तिकीट थेट बोटमालकाकडे आले, तर वाचणाऱ्या दलालीतूनच निरीक्षकाची मजुरी निघू शकते. सरकारने ही व्यवस्था महसूल आणि शिस्त यांच्या भाषेत मांडली. बोटमालकाच्या हिशेबाच्या भाषेत मांडली असती तर कदाचित ऐकून घेतली गेली असती.

छोट्या गटाच्या सहलीचा आणखी एक पैलू आहे. बोटी छोट्या झाल्या की त्यांची संख्या वाढते. मांडवीच्या मुखाशी दिसणारे डॉल्फिन कुबड असलेल्या जातीचे आहेत, जागतिक पातळीवर संकटग्रस्त गणले जातात आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. एका मोठ्या बोटीऐवजी तीन छोट्या बोटींनी त्यांना घेरणे हा काही उपकार नव्हे. बेटाभोवती प्रवाळही आहेत. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी त्यांचा अभ्यास केला आहे. तेथे रोज नव्या जागी पडणारा प्रत्येक नांगर त्यांच्यावर घाव घालतो. कायमच्या नांगरबोयांची सोय केली तर प्रवाळ वाचतील आणि पोहण्याची जागाही ठरून जाईल. बोयांच्या दोरीने आखलेल्या त्या जागेत इतर बोटींना व जेट स्कींना मज्जाव करणे सोपे होईल. पोहणाऱ्याला पंख्याच्या पात्यापासून असलेला धोका सध्या केवळ तांडेलाच्या सावधपणावर सोडलेला आहे.

यातील कशासाठीही नवा कायदा लागत नाही. बंदर कप्तान खाते नौकेची क्षमता ठरवताना ती पोहण्याच्या सहलीसाठी वापरली जाणार का, हे विचारू शकते आणि तसे असल्यास किमान कर्मचारी संख्येत एक निरीक्षक वाढवू शकते. आठ जणांच्या बोटीला तीन कर्मचारी परवडत नसतील, तर दोन बोटींनी एकाच जागी, एकाच वेळी नांगर टाकून निरीक्षक वाटून घ्यावा, अशी सवलत देता येईल. पर्यटन खाते नोंदणीचे नूतनीकरण करताना जलक्रीडा संस्थेचे काही दिवसांचे जीवरक्षण प्रशिक्षण अट म्हणून घालू शकते; पावसाळ्याचे तीन-साडेतीन महिने खलाशी मोकळेच असतात. मद्य पोहणे संपल्यानंतरच, ही अट तर उद्याच्या परिपत्रकाने घालता येईल. आणि प्रत्येक बोटीवर एक छापील पान हवे. किती जण पाण्यात उतरले, किती वर आले, कोणी मोजले, किती वाजता. परतल्यावर ते पान धक्क्यावर जमा करायचे. पहिल्या हंगामात त्यावर बरेच खोटे आकडे पडतील, हे गृहीत धरावे. दुर्घटना घडलीच, तर पहिला कागद म्हणून निदान ते पान तपास अधिकाऱ्याच्या हाती असेल. आज त्याच्या हाती केवळ बोटीचा परवाना येतो.