साथीला बसलेला मुलगा

नल्लकुंट्यात शंकर मठाजवळच्या एका गल्लीत आमचा गायनवर्ग भरतो. गेल्या पावसाळ्यात वर्गातील चौदा वर्षांचा एक मुलगा पेटी मिटून म्हणाला, "गुरुजी, उद्यापासून मी येणार नाही. आम्ही मित्रांनी बँड काढलाय." मी एवढेच बोललो, "बरे. जाताना दार लावून घे." त्या बोलण्यातली धार त्याला लागली असावी. तो पुन्हा फिरकला नाही.

हे आज सांगण्याचे कारण पाचगणीच्या एका मुलाची हकिकत. सातारा जिल्ह्यातील हे गाव आपल्याला थंड हवेमुळे आणि वसतिगृहांच्या इंग्रजी शाळांमुळे ठाऊक आहे. तेथील सेंट पीटर्स शाळेत फारुख बुलसारा नावाचा पारशी मुलगा शिकत होता. जन्म १९४६ चा, झांजीबारचा. मुलाचा कान तयार आहे हे मुख्याध्यापकांनी हेरले आणि थोडी जादा फी भरल्यास त्याला संगीत शिकविता येईल, असे आईवडिलांना कळविले. त्यांनी ती भरली. मुलगा पियानोच्या चौथ्या परीक्षेपर्यंत पोचला. १९५८ साली पाच मित्रांनी 'हेक्टिक्स' हा बँड काढला आणि शाळेच्या समारंभांत एल्व्हिस प्रेस्ली, क्लिफ रिचर्ड यांची गाणी गाजवू लागले.

मात्र या बँडचा मुख्य गायक फारुख नव्हता. पुढे उभा राहून गात असे ब्रूस मरे. फारुख मागे पियानोवर साथीला.

झांजीबारमधील १९६४ च्या क्रांतीनंतर बुलसारा कुटुंब इंग्लंडला गेले. तेथे हा तरुण चित्रकलेचे शिक्षण घेत होता. पुढे रॉजर टेलरबरोबर त्याने लंडनच्या बाजारात कपड्यांचे दुकान मांडले, एकदोन बँडांत गळा आजमावला. १९७० साली 'स्माइल' या बँडचा गायक सोडून गेला, तेव्हा ब्रायन मे आणि टेलर यांच्याबरोबर तो उभा राहिला. 'क्वीन' हे नाव त्याचेच, आणि फ्रेडी मर्क्युरी हे नावही त्यानेच घेतलेले. १९७३ ची पहिली तबकडी फारशी चालली नाही. १९७५ च्या अखेरीस 'बोहेमियन रॅप्सडी' मात्र इंग्लंडमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. पाचगणीचा बँड १९५८ चा, 'क्वीन' १९७० चा. मध्ये बरोबर एक तप गेले.

कोणी म्हणेल, या गोंगाटाचे कौतुक दरबारी गवयाच्या मुलाने का करावे? माझे वडील कोवळ्या वयात दरबारात तंबोऱ्यावर बसत. ते सांगत, "गाणाऱ्याचे लक्ष मैफलीकडे असते, साथ करणाऱ्याला मात्र सगळेच ऐकावे लागते." 'बोहेमियन रॅप्सडी'त मर्क्युरी, मे आणि टेलर या तिघांचेच आवाज पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित करून एकावर एक चढविले आणि गायकांचा ताफा उभा केला. प्रत्येक आवाजाची जागा अशी नेमकी सांभाळायला साथीत मुरलेला कान लागतो, असे मला वाटते.

म्हणून पालकांना सांगणे, दहावीची परीक्षा आली की सर्वांत आधी गाण्याची फी बंद करू नका. बँड काढणाऱ्या मुलांना सांगणे, माईक आज हाती आला नाही म्हणून खट्टू होऊ नका, आणि शिकवणीही सोडू नका. पण पहिला दोष आम्हा शिक्षकांकडे येतो. पाचगणीच्या मुख्याध्यापकांनी मुलाचा कान पाहिला आणि घरी पत्र धाडले. मी माझ्या विद्यार्थ्याला दार दाखविले. तो बरा वाजवतो की वाईट, हे ऐकण्याचीही तसदी मी घेतली नाही.

त्याचे घर येथून तीन गल्ल्या पलीकडे आहे. संध्याकाळी तेथून गिटारचा आवाज येतो. दुसरी तार किंचित उतरलेली असते. येत्या रविवारी जाऊन ती लावून देणार आहे. त्यांच्या बँडला पेटी चालत असेल, तर तीही सोबत नेईन.