पाळी चुकली की मेडिकलमध्ये?

महाळुंगे इंगळे परिसरात चाकणच्या कारखान्यांसाठी आलेली किती तरी कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत राहतात. अम्मी, सासूबाई, थोरली जाऊ सगळ्या गावी. पहिल्या खेपेच्या सुनेने विचारायचे कोणाला? बऱ्याचदा मेडिकलवाल्याला. शौहर शिफ्टवरून येताना काउंटरवर सांगतो, ‘घरात कंबर दुखते, एखादी गोळी द्या.’ ती पोटुशी आहे हे सांगायचे राहून जाते. लाजही आड येते.

भगिनींनो, या सवयीची आम्हाला भीती वाटते. आपल्या देशात एके काळी पाळी चुकली की इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या जास्त मात्रेच्या गोळ्या सर्रास दिल्या जात. रक्त आले तर दिवस गेलेले नाहीत, असा हिशेब. दिवस गेलेले असले तर पोटातल्या बाळाला व्यंगाचा धोका. सरकारने १९८२ मध्ये बंदीचा हुकूम काढला, कंपन्यांनी कोर्टातून स्थगिती आणली. महिला संघटना आणि काही डॉक्टर झगडत राहिले, तेव्हा कुठे १९८८ मध्ये बंदी आली. मधली सहा वर्षे कोणाच्या पदरात काय पडले, त्याचा हिशेब कोण देणार? आज लघवीच्या पट्टीवर पाच मिनिटांत कळते, तरी ‘पाळी आणणारी गोळी’ मागणाऱ्या बायका आहेतच.

कंबरदुखीचेही तसेच. दिवसभर लाइनवर उभे राहणाऱ्या बाईची कंबर दुखणारच. पण आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या पाचव्या महिन्यानंतर बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम करू शकतात, गर्भजल कमी होऊ शकते.

याची उलटी बाजूही आहे. फिट्स, थायरॉइड, बीपीची औषधे ‘बाळाला नकोत’ म्हणून परस्पर बंद करणे तितकेच घातक. फिट्सच्या व्हॅल्प्रोएटसारख्या औषधाने बाळाला व्यंग येऊ शकते हे खरे. पण ते बदलायचे डॉक्टरांनी, शक्यतो दिवस राहण्याआधीच.

लोहाची लाल गोळी चौथ्या महिन्यापासून रोज, किमान १८० दिवस. चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको. रमजानमध्ये गोळ्यांच्या वेळा मनाने बदलू नका. गरोदर बाईला रोजे नंतर पुरे करण्याची सवलत आहे.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. जाताना घरातली सगळी गोळ्यांची पाकिटे, जडीबुटीची पुडीसुद्धा, पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांसमोर ओता.