ताळेबंदात न दिसणारे पाणी

फेब्रुवारी २०१३ मध्ये परळीचे औष्णिक वीजकेंद्र बंद पडले, ते कोळसा संपला म्हणून नव्हे. पाणी संपले म्हणून. २०१५ मध्ये पुन्हा तोच प्रसंग ओढवला. बीड जिल्ह्यातील साखर कारखान्यांनी हा धडा विसरता कामा नये, असे आम्हांस वाटते.

शाश्वततेची भाषा आज प्रत्येक उद्योगाच्या तोंडी आहे. शेअर बाजारातील आघाडीच्या एक हजार कंपन्यांना पर्यावरण व समाज यांविषयीच्या जबाबदारीचा अहवाल देणे सेबीने २०२२-२३ पासून बंधनकारक केले. सहकारी कारखाने या नियमाच्या कक्षेबाहेर असले, तरी निसर्गाच्या नियमाने त्यांना सूट दिलेली नाही. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान ७०० मिलिमीटरांहून कमी. उसाची गरज दीड ते अडीच हजारांची. मधली तूट धरणे आणि विंधनविहिरी भरून काढतात. मांजरा धरण आटले, तेव्हा २०१६ मध्ये लातूरकरांची तहान मिरजेहून निघालेल्या आगगाडीला भागवावी लागली.

येथे शेतकऱ्यास दोष देणे अन्यायाचे होईल. ज्या पिकाचा दर कायद्याने ठरतो आणि ज्यास गिऱ्हाईक निश्चित आहे, तेच तो लावणार. म्हणून पहिले पाऊल कारखान्यानेच उचलले पाहिजे. गाळपक्षमता वाढविण्यापूर्वी कार्यक्षेत्रातील पाण्याचा अंदाज घ्यावा आणि ठिबकावरील उसाच्या नोंदीस अग्रक्रम द्यावा. उसाच्या वजनात सुमारे सत्तर टक्के पाणीच असते. रस आटविताना निघणाऱ्या वाफेचे पाणी करून ते पुन्हा वापरल्यास बाहेरच्या पाण्याची गरज पुष्कळ घटते.

परंतु पाण्याइतकाच माणसाचा हिशेबही महत्त्वाचा आहे. हा जिल्हा दरवर्षी आपली माणसे उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडण्यास धाडतो. शासकीय समितीच्या २०१९ मधील पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढली गेल्याचे आढळले. तोडणीच्या फडाजवळ शौचालय, स्वच्छ पाणी आणि वैद्यकीय तपासणी पुरविणे हा दानधर्म नव्हे. तो उत्पादनखर्चाचाच भाग होय.

कर्जाने वाकलेल्या कारखान्यांना हा खर्च कसा परवडावा, असे विचारले जाईल. आमचा प्रतिप्रश्न असा, की पाण्यावाचून थंड पडलेल्या बॉयलरवरील व्याज तरी कसे परवडते? वार्षिक सभेत नफातोट्याच्या पत्रकाशेजारी पाण्याचे आणि मजुरांचेही पत्रक मांडले जावे, आणि सभासदांनी ते वाचल्यावाचून हात वर करू नये.