तराजूला जिवंत गोळी दिसत नाही

झाशीजवळच्या बबीना रेंजवर ज्यांनी फायरिंग केलंय, त्यांना माहीत आहे की गोळ्या संपल्या म्हणजे काम संपत नाही. मग खोके वेचायचे. गावाकडे पुंगळ्या म्हणतात, फौजेत खोके. मिळालेली काडतुसं एका बाजूला, खोके आणि उरलेली काडतुसं दुसऱ्या बाजूला. हिशेब जुळला पाहिजे.

ढीग हजारोंचा असला आणि ऊन डोक्यावर आलं की कुणीतरी म्हणतंच, "साहेब, वजनच करून टाकू." सूचना वाईट नाही. ५.५६ मिलिमीटरचा पितळी खोका साधारण ६ ग्रॅमचा, म्हणजे १००० खोक्यांचे सुमारे ६ किलो. पण हा आकडा पाठ करून भागत नाही. त्याच ढिगातले शंभर खोके मोजून, झटकून, कोरडे करून तोलायचे. ढिगाच्या वेगवेगळ्या बाजूंनी असं दोन-तीनदा करायचं आणि मग भागाकार. प्रत्येक बोअरचा ढीग वेगळा, कारण ७.६२ बाय ५१ चा एक खोका ५.५६ च्या जवळपास दोन खोक्यांएवढा भरतो. बुंदेलखंडची माती तोंडात भरली किंवा रात्री पाऊस पडून गेला, तर तराजू मातीपाण्यालाही पितळच समजतो. ६० किलोंच्या ढिगात एक टक्का फरक म्हणजे शंभर खोके!

तरीही माझा आक्षेप या चुकीला नाही. तो दुसऱ्याच गोष्टीला आहे. ५.५६ चं भरलेलं काडतूस सुमारे १२ ग्रॅमचं असतं, म्हणजे बरोबर दोन खोक्यांएवढं. मिसफायर झालेलं एखादं काडतूस ढिगात गेलं, तर तराजू त्याला निमूटपणे दोन खोके म्हणून मोजतो. एक खोका हरवला असेल, तर हिशेब उलट छान जुळतो! कागद स्वच्छ आणि ढिगात जिवंत गोळी.

कुणी म्हणेल, भंगारासाठी एवढा खटाटोप कशाला? पितळ म्हणजे सुमारे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. ते शेवटी भट्टीत जाणार, हे खरंच. पण म्हणूनच. भट्टीपुढे उभ्या असलेल्या कामगाराने आपला हिशेब पाहिलेला नसतो. त्याचा आपल्या सहीवर भरवसा असतो.

१८५७ साली झाशीच्या शिपायाचं काडतूस कागदाचं होतं. मागे मोजायला काही उरतच नव्हतं. पितळ आलं आणि झाडलेल्या गोळीचा पुरावा हातात राहू लागला. तो हातानेच तपासावा.

माझं मत साधं आहे. रेंज सोडण्याआधी वजन जरूर करा. मोठी तूट तिथेच कळते. पण सही मात्र प्रत्येक खोका नजरेखालून गेल्यावरच करा: तोंड रिकामं, बुडाच्या टोपीवर पिनचा ठोसा. ठोसा आहे पण तोंडात गोळी तशीच, तर ते मिसफायर. लगेच वेगळं काढा आणि उस्तादाला सांगा. अर्धा तास जास्त जाईल. जाऊ द्या.