आधी भरा, मग भांडा!

घरपट्टीवाढीची नोटीस आली की आपल्या वस्तीतला माणूस नगरसेवकाचे घर गाठतो. नगरसेवक 'बघतो' म्हणतो आणि हरकतीची मुदत टळून जाते. घात होतो तो इथेच! महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ४०६ प्रमाणे आयुक्तांकडे आधी लेखी तक्रार केलेली नसेल, तर न्यायालय अपील ऐकतच नाही. तक्रारीचा निकाल विरुद्ध गेला तर अपिलाला अवघे १५ दिवस. आणि खरी मेख पुढे आहे. ज्या रकमेवर वाद, तीच आधी पालिकेत जमा करायची! बंगलेवाला चेक फाडून मोकळा होतो. पतपेढीचे कर्ज काढून दोन खोल्या बांधणाऱ्या सफाई कामगाराने काय करावे? कायद्यापुढील समानता ती हीच काय?

तरीही हरकत घ्यावीच. मोजमाप चुकले आहे काय, राहते घर बिगरनिवासी दाखवले आहे काय, हे पाहून अर्ज द्यावा, पोच घ्यावी. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा हा दर्जा १९९० पासून आहे. किती जणांना हे ठाऊक आहे? वकील मिळेल, पण भरायची रक्कम कोण देणार? राखीव जागांवर निवडून गेलेल्या आमदारांनी ही अट विधानसभेत एकदा तरी उपस्थित करावी.