बेपत्ता सज्ञान तरुणींच्या शोधासाठी बंधनकारक कार्यपद्धती ठरवण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव (गृह),
महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई

विषय : अठरा वर्षांवरील तरुणी बेपत्ता झाल्यास तपास केवळ ‘मिसिंग’ नोंदीवर न थांबवता ठरावीक मुदतीत आणि लेखी जबाबदारीसह करण्याबाबत.

महोदय,

एका बेपत्ता मुलीचे आई, वडील आणि भाऊ या नात्याने आम्ही हे निवेदन सादर करीत आहोत.

आमची मुलगी घरातून गेली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकत होती. परीक्षेचा फॉर्म भरायला म्हणून सकाळच्या एसटीने तालुक्याच्या गावी गेली, ती परतली नाही. दुपारनंतर तिचा फोन लागेनासा झाला. या गोष्टीला आता वर्षे लोटली. तिचा ठावठिकाणा लागलेला नाही आणि तिचे काही बरेवाईट झाल्याचा पुरावाही कोणी दिलेला नाही. तिचे नाव एका पोलीस ठाण्याच्या मिसिंग रजिस्टरमध्ये आहे. तिच्या शोधाची सरकारदरबारी तेवढीच खूण आहे.

त्या संध्याकाळी आम्ही ठाण्यावर गेलो तेव्हा ठाणे अंमलदारांनी चोवीस तास वाट पाहायला सांगितले. मैत्रिणीकडे गेली असेल, कोणाबरोबर पळून गेली असेल, येईल आपोआप, असे समजावले. चोवीस तास थांबावे असे कोणताही कायदा सांगत नाही, हे आम्हाला फार उशिरा कळले. दुसऱ्या दिवशी नोंद झाली. बसस्थानकावरचे सीसीटीव्ही चित्रण तपासायची वेळ आली तोवर ते पुसले गेले होते. तपासी अंमलदार बदलत गेले. प्रत्येक नव्या साहेबांपुढे आम्ही पहिल्यापासून सगळे सांगितले, तोच फोटो पुन्हा दिला, तेच वर्णन पुन्हा लिहून दिले.

जो तपास व्हायला हवा होता तो आम्हीच करत राहिलो. आषाढीला पंढरपुरात, शिर्डीत, तुळजापुरात, रेल्वे स्थानकांवर फोटो दाखवत फिरलो. जिल्हा रुग्णालयांच्या शवागारांत अनोळखी मृतदेह पाहिले. ‘मुलगी सापडली आहे, आधी पैसे पाठवा’ असे सांगणाऱ्यांना पैसेही पाठवले. वडिलांनी बैलजोडी विकली, भावाने शिक्षण सोडले. गावात लोक विचारायचे थांबले, मग बोलायचेही थांबले. घरातील तरुण मुलगी बेपत्ता झाली की संशय तिच्यावर आणि आई-बापाच्या संस्कारांवर घेतला जातो, शोध मात्र मागे पडतो. या अनुभवातून जे लक्षात आले ते आपल्यापुढे मांडत आहोत. हे एकट्या आमच्या मुलीपुरते नाही.

१. वयाच्या एका रेषेने तपासाचे स्वरूप बदलते

‘बचपन बचाओ आंदोलन’ विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी आदेश दिला. अठरा वर्षांखालील मूल हरवल्याची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवावी आणि अपहरण किंवा मानवी तस्करी झाली असावी असे गृहीत धरून तपास सुरू करावा, असे त्यात म्हटले आहे. अठरा पूर्ण होताच हे गृहीतक संपते. सतरा वर्षांच्या मुलीसाठी गुन्हा दाखल होतो, एकोणीस वर्षांच्या मुलीसाठी ‘मनुष्य मिसिंग’ची नोंद होते.

हा फरक केवळ कागदाचा नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार फिर्यादीला प्रथम खबरी अहवालाची प्रत विनामूल्य मिळते. कलम १९३ नुसार तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवावी लागते. ही दोन्ही संरक्षणे गुन्हा नोंदला तरच लागू होतात. मिसिंग नोंदीला दोषारोपपत्राची मुदत नाही, दंडाधिकाऱ्यांची देखरेख नाही, कुटुंबाला माहिती देण्याचे बंधनही नाही. उच्च न्यायालयात जावे, तर ती कोणाच्या बेकायदा ताब्यात आहे हे दाखवावे लागते. ते माहीत असते तर आम्ही शोधत फिरलो असतो का?

२. संख्या लहान नाही

केंद्रीय गृह मंत्रालयाने जुलै २०२३ मध्ये संसदेत दिलेल्या आकडेवारीनुसार २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत देशभरातून अठरा वर्षांवरील १०,६१,६४८ महिला आणि त्याखालील २,५१,४३० मुली बेपत्ता झाल्याच्या नोंदी आहेत. महाराष्ट्रातील नोंदी १,७८,४०० महिला आणि १३,०३३ मुलींच्या आहेत. यांतल्या बऱ्याच जणी परत येतात किंवा सापडतात, हे आम्ही जाणतो. परंतु कायद्याने ज्यांचा शोध सक्तीचा केला आहे त्या मुलींच्या कितीतरी पट संख्या ज्यांचा शोध अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडला आहे त्या महिलांची आहे, हे या आकड्यांतूनच दिसते.

३. उशीर झाला की पुरावा नष्ट होतो

मोबाइल कंपन्यांनी कॉलचा तपशील दोन वर्षे जपून ठेवावा, असा दूरसंचार विभागाचा डिसेंबर २०२१ पासूनचा नियम आहे. त्यानंतर तो मिळेल याची खात्री नसते. सीसीटीव्हीचे चित्रण तर काही दिवसांत किंवा आठवड्यांत पुसले जाते. ‘वाट पाहा’ या सल्ल्याची किंमत ही अशी मोजावी लागते.

सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे यांचे प्रकरण आपणास ज्ञात आहे. त्या स्वतः पोलीस दलात अधिकारी होत्या. एप्रिल २०१६ मध्ये त्या बेपत्ता झाल्या. गुन्हा नोंदला गेला जानेवारी २०१७ मध्ये. मुख्य आरोपी, पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकर याला अटक झाली डिसेंबर २०१७ मध्ये. पनवेलच्या सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली एप्रिल २०२५ मध्ये. त्यांचा मृतदेह मिळालाच नाही. नऊ वर्षे त्यांच्या कुटुंबाने पाठपुरावा सोडला नाही, म्हणून हा निकाल लागला. वर्दीतल्या अधिकाऱ्याच्या घरच्यांना एवढे झगडावे लागले, तर शेतमजुराच्या, रिक्षाचालकाच्या, घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलीसाठी कोण झगडणार?

४. सज्ञान मुलीचे स्वातंत्र्य आम्हाला मान्य आहे

‘मुलगी सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीने गेली असेल तर आम्ही काय करणार,’ असे आम्हाला अनेकदा सांगण्यात आले. या प्रश्नाला आम्ही स्पष्ट उत्तर देऊ इच्छितो. सज्ञान मुलीला कोठे राहावे, कोणाशी लग्न करावे, घरी परतावे की नाही, हे ठरवण्याचा पूर्ण अधिकार आहे. तिला ओढून घरी आणावे अशी आमची मागणी नाही. मिसिंगच्या तक्रारीचा वापर मुलीच्या पसंतीचा विवाह मोडण्यासाठी होऊ नये, असेच आम्हालाही वाटते. परंतु ती मर्जीने गेली की नाही, हे तिला शोधून तिच्याच तोंडून ऐकल्याशिवाय कोणाला ठरवता येईल? ती सुखरूप आहे आणि तिला आम्हाला भेटायचे नाही, एवढे एखाद्या महिला अधिकाऱ्याने तिला एकटीला भेटून आम्हाला कळवले, तर आम्ही ते मान्य करू. तिचा पत्ताही मागणार नाही.

५. ज्या ठिकाणी ती असू शकते, तिथे कोणी पाहत नाही

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालयांत, शासकीय महिला वसतिगृहांत आणि निवारागृहांत नाव-गाव सांगू न शकणाऱ्या स्त्रिया दाखल होतात. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उपचारांनंतर त्यांच्या घरी पोहोचवण्याचे काम कर्जतचे श्रद्धा पुनर्वसन केंद्र करीत आले आहे. त्यासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शेकडो मैलांवरचे घर शोधून माणूस परत पोहोचवता येतो, हे त्यांनी दाखवून दिले आहे. एका स्वयंसेवी संस्थेला जे साधते, ते राज्याच्या पोलीस दलाला आणि आरोग्य विभागाला मिळून का साधू नये?

अनोळखी मृतदेहांचेही तेच आहे. एका जिल्ह्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, दुसऱ्या जिल्ह्यात मिसिंगची, आणि या दोन नोंदी एकमेकींना भेटत नाहीत. डीएनए नोंदींसाठी केंद्राने आणलेले विधेयक जुलै २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. त्यामुळे राज्याने आपल्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांमार्फत स्वतःची व्यवस्था उभी करणे अधिकच गरजेचे झाले आहे.

६. कागदावरून तिला पुसू नये

रेशनकार्डाच्या ई-केवायसीच्या वेळी मुलीचे नाव कमी करून घ्या, असे आम्हाला सांगण्यात आले. सात वर्षे ज्याची खबरबात नाही तो जिवंत आहे, हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर टाकणारी तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ मध्ये आहे. मालमत्तेच्या वादांत तिचा उपयोग असेल. पण ज्या मुलीचा धड शोधच घेतला गेला नाही, तिच्याबाबत नुसत्या कालावधीवरून असा निष्कर्ष निघावा, हे आम्हाला मान्य नाही.

या वस्तुस्थितीचा विचार करून आपण पुढील मागण्या मान्य कराव्यात :

१) अठरा वर्षांवरील महिला बेपत्ता झाल्याची तक्रार हद्दीचा प्रश्न न काढता कोणत्याही पोलीस ठाण्याने तत्काळ नोंदवावी आणि नोंदीची प्रत तक्रारदाराला त्याच वेळी द्यावी. ‘चोवीस तास थांबा’ असे सांगणे ही कर्तव्यातील कसूर समजावी.

२) पहिल्या चोवीस तासांत करावयाच्या कामांची यादी शासन निर्णयाद्वारे बंधनकारक करावी : कॉलचा तपशील व शेवटचे टॉवर लोकेशन मागवणे, बसस्थानक, रेल्वे स्थानक व टोलनाक्यांवरील चित्रण जतन करण्याचे पत्र देणे, बँक खात्यातील व्यवहार तपासणे, मैत्रिणी व सहकाऱ्यांचे जबाब घेणे, लोहमार्ग पोलिसांना वर्णन पाठवणे.

३) ती स्वेच्छेने गेल्याचे सात दिवसांत तिच्या स्वतःच्या जबाबावरून स्पष्ट न झाल्यास अपहरणाचा संशय धरून गुन्हा दाखल करावा. जिल्ह्याच्या मानवी तस्करी प्रतिबंधक कक्षाला त्या तपासात सामील करून घ्यावे.

४) सापडलेल्या सज्ञान महिलेचा जबाब महिला अधिकाऱ्याने एकांतात घ्यावा. तिची इच्छा नसल्यास तिचा पत्ता कोणालाही, कुटुंबीयांनाही देऊ नये. ती सुखरूप असल्याचे मात्र लेखी कळवावे.

५) एक वर्षाहून जुन्या प्रत्येक प्रकरणाचा पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याने फेरआढावा घ्यावा. तपासी अंमलदाराची बदली झाल्यास कागदपत्रांचे लेखी हस्तांतरण व्हावे.

६) मनोरुग्णालये, महिला वसतिगृहे, निवारागृहे व शवागारे यांतील अनोळखी महिलांची छायाचित्रे आणि वर्णने मिसिंग नोंदींशी दर महिन्याला पडताळावीत. आई-वडिलांच्या संमतीने डीएनए नमुने घेऊन ते अनोळखी मृतदेहांच्या नमुन्यांशी विनामूल्य जुळवून पाहावेत.

७) गुन्हा नोंदला असो वा नसो, तपासाची प्रगती कुटुंबाला दर नव्वद दिवसांनी लेखी कळवावी.

८) मिसिंग नोंद असलेल्या व्यक्तीचे नाव केवळ गैरहजेरीच्या कारणावरून रेशनकार्डावरून वगळू नये.

९) किती महिला बेपत्ता झाल्या, किती सापडल्या, किती अद्याप सापडलेल्या नाहीत, याची जिल्हानिहाय आकडेवारी दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवावी.

यांतील बहुतेक मागण्यांना नवा कायदा लागत नाही. शासन निर्णय आणि पोलीस महासंचालकांचे परिपत्रक पुरेसे आहे. आमच्या मुलीच्या बाबतीत हातचे निसटलेले पुरावे आता परत येणार नाहीत. पण आज, उद्या ज्या घरातली मुलगी संध्याकाळी परतणार नाही, त्या घराला ठाण्यावर पहिल्याच तासात मदत मिळावी, इतके आपल्या एका सहीने होऊ शकते.

आपण आम्हाला प्रत्यक्ष भेटीसाठी वेळ द्यावा आणि या निवेदनावर झालेल्या निर्णयाचे लेखी उत्तर तीस दिवसांत द्यावे, ही नम्र विनंती. उत्तर येईपर्यंत आणि त्यानंतरही आम्ही पाठपुरावा करीत राहू. ती आमची मुलगी आहे, आणि तिचे काय झाले हे जाणून घेण्याचा हक्क आम्ही सोडलेला नाही.

आपले विश्वासू,
बेपत्ता मुलीचे आई, वडील व भाऊ

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी सादर :
१) मा. पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य, मुंबई
२) मा. अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य महिला आयोग, मुंबई
३) मा. जिल्हाधिकारी व मा. पोलीस अधीक्षक