साभार पोच की समीक्षा?

वाङ्मयीन नियतकालिकांच्या अखेरच्या पानांवर ‘साभार पोच’ या मथळ्याखाली आलेल्या पुस्तकांची यादी छापली जाते. तिला कोणी समीक्षा म्हणत नाही. नवे जॅझ आणि प्रायोगिक संगीत ऐकवणाऱ्या नभोवाणी-कार्यक्रमाकडे मात्र त्याचे कैवारीसुद्धा अशी यादी म्हणूनच पाहतात, आणि यादी लांब असल्याबद्दल त्याचा गौरव करतात. त्या कार्यक्रमाचा घात होतो तो येथेच.

बीबीसीच्या रेडिओ ३ वर १९९९ मध्ये सुरू झालेला ‘लेट जंक्शन’ हा कार्यक्रम २०१९ मध्ये आठवड्यातील तीन रात्रींवरून एका रात्रीवर आणला गेला. ‘जॅझ नाऊ’ बंद झाला. त्याच वर्षी कोरी म्वाम्बा यांचा उत्स्फूर्त वादनाला वाहिलेला ‘फ्रीनेस’ सुरू झाला. कपातीविरुद्ध संगीतकारांनी जाहीर पत्र काढले. निषेध रास्तच होता. परंतु बचावाचा सारा भर वैविध्यावर आणि उपेक्षितांना मिळणाऱ्या संधीवर राहिला. वैविध्य मोजता येते, आणि जे मोजता येते त्याची काटछाटही करता येते. तीन रात्रींचे वैविध्य एका रात्रीत दाटीवाटीने बसवू, असे प्रशासनाने म्हटले तर या युक्तिवादापाशी उत्तर उरत नाही.

मुळात ‘नवे’ म्हणजे काय, हा प्रश्नच टाळला जातो. जॉन कोल्ट्रेन यांनी मार्च १९६३ मध्ये केलेले वादन ‘बोथ डायरेक्शन्स ॲट वन्स’ या नावाने २०१८ मध्ये प्रकाशित झाले. प्रकाशनाच्या दिनांकाने ते नवे. निर्मितीच्या दृष्टीने पंचावन्न वर्षांचे जुने. याउलट, ऑर्नेट कोलमन यांचे १९६० मध्ये मुद्रित झालेले ‘फ्री जॅझ’ आजही अनेक नव्या तबकड्यांना जुनाट ठरवू शकते. दिनदर्शिकेतील नवता आणि कलेतील नवता या दोन भिन्न कोटी आहेत. त्यांची गल्लत करणारा निवेदक प्रकाशकाचा जाहिरातदार ठरतो.

उत्स्फूर्त वादनाच्या बाबतीत पेच आणखी गहिरा होतो. अशा वादनाचे ध्वनिमुद्रण फार तर त्याचा आकार टिकवते, त्याचा स्थलकाल नव्हे, असे कॉर्नेलियस कार्ड्यू यांनी १९७१ मध्येच बजावले होते. अशा मुद्रणाचा चार मिनिटांचा तुकडा वाजवून ‘नुकतेच प्रकाशित’ एवढेच सांगणे म्हणजे आधीच अपुऱ्या असलेल्या दस्तऐवजाचे मुखपृष्ठ दाखवण्यासारखे आहे. ‘फ्री जॅझ’ सुमारे ३७ मिनिटांचे आहे. त्याचा तुकडा हा त्याचा नमुना होऊ शकत नाही.

मग अशा कार्यक्रमाचे मूल्य कशात? मराठी वाचकाला येथे बा. सी. मर्ढेकरांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. नभोवाणीत नोकरी केलेल्या या कवी-समीक्षकाने सौंदर्य सुट्या घटकांत न शोधता संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांनी सिद्ध होणाऱ्या त्यांच्या परस्परसंबंधांत शोधले. कार्यक्रमालाही हेच लागू पडते. कोणत्या वादनानंतर कोणते यावे, कोठे शांतता असावी, कशाला पूर्ण अवधी द्यावा आणि काय वगळावे, या निर्णयांतून एक विधान घडते. हे विधान म्हणजेच समीक्षा.

निवेदकाने मूल्यनिर्णय दिला तर त्याची अभिरुची श्रोत्यांवर लादली जाईल, असा आक्षेप घेतला जाईल. तो वरवरचा आहे. तबकड्या आपल्या पायांनी ध्वनिक्षेपकापाशी चालत येत नाहीत. तटस्थतेचा आव आणणारी निवडही निवडच असते, फक्त तिची कारणे दडवलेली असतात. उच्चारलेल्या निर्णयाशी भांडता येते, यादीशी भांडता येत नाही. श्रोत्याचा खरा सन्मान त्याला भांडणाची जागा देण्यात आहे.

म्हणून अशा कार्यक्रमाचा कैवार घेणाऱ्यांनी किती नवे वाजले याचा हिशेब मांडण्याऐवजी का वाजले हे विचारावे. ज्या कार्यक्रमाकडे या ‘का’चे उत्तर आहे, त्याची एक रात्र हिरावली गेली तर ती संस्कृतीची हानी होय. ज्याच्याकडे ते नाही, त्याची रात्र गेली तरी साभार पोच छापायला दुसरे पान मिळतेच.